गवा : कोल्हापूर परिसरातील संख्येचे चढउतार

गवा हा जगातील सर्वांत थोराड वन्य गोवंशीय प्राण्यांपैकी एक असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १,००० किलोपर्यंत भरते. कोल्हापूर जिल्ह्यात त्याचे मुख्य वसतिस्थान म्हणजे राधानगरी अभयारण्य. संस्थानकाळात शिकारीसाठी राखून ठेवलेल्या दाजीपूरच्या रानाला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि १९८५ मध्ये त्याचे क्षेत्र ३५१.१६ चौ. किमी. झाले.

संख्या वाढण्याचे पहिले कारण संरक्षण हे होय. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आली. गवा सावकाश वाढतो. गर्भकाळ सुमारे नऊ महिन्यांचा असतो आणि मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. त्यामुळे शिकार थांबल्याचा परिणाम दिसायला बरीच वर्षे जातात. वाघ फारच विरळ झाल्याने मोठ्या गव्याला शत्रू जवळपास उरला नाही. बिबटे आणि कोळसुंदे (रानकुत्रे) यांचा उपद्रव मुख्यतः पिल्लांना होतो.

घट मात्र झपाट्याने होऊ शकते. गुरांकडून येणारी बुळकांडी ही पूर्वी सर्वांत घातक साथ होती. १९६८ मध्ये दक्षिणेतील बंदीपूर-मुदुमलाईच्या रानांत तिने असंख्य गवे मारले. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकूताचा धोका अजूनही आहे आणि म्हणून रानालगतच्या गावांतील गुरांचे लसीकरण हे गव्यांचेही संरक्षण ठरते. रानमोडी व घाणेरी या तणांनी गवताची जागा व्यापल्यासही चारा आटतो.

आज लोकांच्या तोंडी ‘गवे फार वाढले’ असे जे ऐकू येते, त्याचा विचार सावधपणे केला पाहिजे, कारण गवे जास्त दिसणे म्हणजे जास्त असणेच असे नाही. पावसाळ्यानंतर सड्यांवरचे, म्हणजे डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठारांवरचे, गवत वाळते, त्याच वेळी भोगावती-दुधगंगेच्या खोऱ्यांत ऊस हिरवागार उभा असतो. कळप तिकडे उतरतो, दिवसा फडातच दडून राहतो आणि मोडलेले कांडे व ओल्या सरीतले खोल खूर एवढीच खूण मागे ठेवतो. ऊसतोड सुरू झाली की आडोसा जातो. मग तेच गवे पन्हाळा, भुदरगड किंवा थेट शहराच्या वेशीवर दिसतात.

मोजणीचीही मर्यादा आहे. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणावरून प्राणी मोजतात. पण त्याआधी वळीव झाला, तर रानात जागोजागी पाणी साचते, गवे पाणवठ्याकडे फिरकत नाहीत आणि आकडा पडतो. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९५८ पासूनच मूस या महाकाय हरणांचा व लांडग्यांचा अभ्यास चालू आहे. तेथे चहूबाजूंनी पाणी असल्याने आकड्यातील फरक बहुतांशी जन्ममृत्यूचाच असतो. राधानगरीचे रान मात्र सिंधुदुर्गाच्या उतारांकडे खुले आहे, त्यामुळे तेथील आकड्यात स्थलांतर मिसळलेले असते. शिवाय कठडा नसलेल्या विहिरीत पडून किंवा डुकरांसाठी लावलेल्या विजेच्या तारेने मेलेला गवा नोंदीत येतो, तर रानात रोगाने मेलेला बहुधा कोणाच्या दृष्टीसच पडत नाही.