मराठवाड्यातील घाटरस्ते व सायकलमार्ग

मराठवाड्याच्या पठाराच्या कडांवरून चढणारे आणि लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीसाठी वापरले जाणारे पक्के रस्ते. उत्तरेकडील सातमाळा-अजिंठा रांग आणि मध्यभागातील बालाघाट या दोन डोंगररांगांत ते विखुरलेले असून दोहोंच्या मधे गोदावरीचे खोरे पसरले आहे. बहुतेक महत्त्वाचे घाट छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), बीड आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या तीन जिल्ह्यांत येतात. परभणी जिल्हा आणि जालन्याचा बराचसा भाग सपाट किंवा हलक्या चढउतारांचा असल्याने प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार केलेला नाही.

भूरचना : सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले. हे थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण थर टिकून कडे झाले आणि मऊ थर झिजून त्यांच्यामधे माळ तयार झाले. त्यामुळे येथील घाटांत चढ सहसा एकसारखा नसतो. थोडे अंतर दमछाक करणारे, मग सपाटी, मग पुन्हा चढ, अशी त्याची चाल असते. दोन्ही रांगांत आणखी एक साम्य आहे : त्यांची उत्तर बाजू तुटलेली आणि दक्षिण बाजू सावकाश उतरत जाणारी आहे. अजिंठा रांगेच्या उत्तर पायथ्याशी गिरणा व तापीचे खोरे, तर बालाघाटच्या उत्तर पायथ्याशी गोदाकाठची गंगाथडी. बीड जिल्ह्यात ‘घाटावरचा’ आणि ‘गंगाथडीचा’ हा भेद जमीन, पीक, पाणी या सगळ्याच बाबतींत पाळला जातो.

या एकतर्फी रचनेमुळे येथील घाटांना आल्प्समधील खिंडींचे मोजमाप लावणे फारसे उपयोगी नाही. स्टेल्व्हिओची खिंड (उंची २,७५७ मी.) उत्तर इटलीत आहे. तेथील रस्ता १८२०–२५ या काळात बांधला गेला. प्राटो गावाकडून सु. २४ किमी. अंतरात सु. १,८०० मी. चढ आणि ४८ आवळ वळणे असे त्याचे स्वरूप आहे. खिंड गाठली की पलीकडे दुसऱ्या खोऱ्यात तसाच खडा उतार मिळतो. मराठवाड्यात चढ संपल्यावर माणूस पठारावर पोहोचतो आणि तेथेच राहतो. चढून कमावलेली उंची पुढच्या मोठ्या अंतरात थोडी थोडी खर्ची पडते. उंचीचा फरकही बेताचा आहे. चाळीसगाव (सु. ३४५ मी.) आणि कन्नड (सु. ६३५ मी.) यांच्यातील फरक ३०० मी.च्या आसपास भरतो. येथील मार्गांचा कस चढाच्या आकड्यांतून कळत नाही. तो ऊन, वारा आणि दोन गावांमधील अंतर यांवर ठरतो.

चढाच्या तीव्रतेबाबत भारतीय रस्ते महासभेचे (आयआरसी) दंडक लक्षात घ्यावे लागतात. डोंगराळ प्रदेशात नेहमीचा कमाल चढ ५ टक्के, मर्यादा ६ टक्के आणि अपवादात्मक स्थितीत ७ टक्के धरला जातो, अतितीव्र उताराच्या प्रदेशात (३,००० मी. उंचीपर्यंत) हेच आकडे अनुक्रमे ६, ७ व ८ होतात. राष्ट्रीय महामार्गांवरील रुंदीकरण झालेले घाट साधारणपणे या चौकटीत बसतात. जुने, बैलगाडीच्या वाटेवरच डांबर टाकून झालेले घाट मात्र तिच्याबाहेर जातात आणि सायकलस्वारांना तेच अधिक आठवतात.

प्राचीन मार्ग : आजचे घाटरस्ते किती जुन्या वाटांवरून जातात, हा वादाचा विषय आहे. इ. स. पहिल्या शतकातील समजल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा (भडोच) येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर हे नगर, असा उल्लेख आहे. पैठणहून अकीक व तगरहून कापड गाड्यांत घालून रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला नेले जाई, असेही त्यात म्हटले आहे. हा माल पठारावरून नेमका कोणत्या घाटाने उतरे, हे ग्रंथकार सांगत नाही.

कन्नडजवळील पितळखोरे लेण्यांच्या आधारे औट्रम घाट-गौताळा परिसरातील उतार सुचवला जातो. ही लेणी सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानली जातात. तेथील स्तंभलेखांत पैठणच्या गांधिक (सुगंधी द्रव्यांचे व्यापारी) कुळातील मितदेव आणि पैठणच्याच संघकाचे पुत्र यांची दाने नोंदलेली आहेत. टॉलेमीने उल्लेखिलेले ‘पेट्रिगल’ म्हणजे पितळखोरे, हे समीकरणही मांडले गेले आहे. ते नामसाम्यावर उभे असल्याने दानलेखांइतके वजनदार वाटत नाही. दुसरा पर्याय अजिंठ्याच्या खिंडीचा. तेथील लेण्यांचा आरंभही साधारण याच काळातला असल्याने हा पर्याय बाद करता येत नाही, परंतु पैठणहून भडोचकडे जाणाऱ्यास तो आडवळणाचा पडतो.

तगरच्या स्थाननिश्चितीचा वाद अधिक लांबला. ग्रँट डफने ते बीडच्या आसपास मानले. भगवानलाल इंद्रजी यांचा कल जुन्नरकडे होता. रा. गो. भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले. जे. एफ. फ्लीटने १९०१ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच तगर असे प्रतिपादन केले. तेरला मिळालेल्या सातवाहनकालीन व रोमन संपर्क दाखवणाऱ्या वस्तूंमुळे आता हेच मत स्वीकारले जाते. तेर पैठणच्या थेट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, ही अडचण उरते. पण ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याकडून दिशेची इतपत ढिलाई अपेक्षितच आहे. तेरचे स्थान मान्य केल्यास गाड्यांना बालाघाटची उत्तर कड कोठेतरी ओलांडावीच लागे, आणि बीडच्या दक्षिणेकडील मांजरसुंब्याची बाजू त्यासाठी धारूरपेक्षा सोयीची दिसते. पेरिप्लसमधील अंतरांवरून गाड्यांचा वेग दिवसाला १५ ते २० किमी. निघतो. दोनशे किमी.ची ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी) साडेतेरा तासांत संपवू पाहणाऱ्या आजच्या स्वारांना हा हिशेब गमतीचा वाटेल.

सातमाळा-अजिंठा रांग : कन्नड-चाळीसगाव मार्गावरील औट्रम घाट (कन्नड घाट) राष्ट्रीय महामार्ग ५२ वर आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स औट्रम १८२५ पासून सु. दहा वर्षे खानदेशात होता व तेथे त्याने भिल्ल पलटण उभारली. घाट त्यानेच बांधला असे सर्रास लिहिले जाते. त्याच्या नावावरून घाटाला नाव पडले, एवढेच म्हणणे सुरक्षित. ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत येथे दरडी कोसळून वाहतूक ठप्प झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार जड वाहनांना बंदी झाली आणि पूर्वी ट्रकांच्या रांगांमुळे टाळला जाणारा हा चढ सायकलस्वारांच्या दृष्टीने पुष्कळ सुसह्य झाला. लगतच्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यातून जाणारा कन्नड-नागद रस्ता अरुंद, सावलीचा आणि वर्दळीपासून दूर आहे.

दौलताबाद-खुलताबाद-म्हैसमाळ हा प्रदेशातील बहुधा सर्वांत वापरला जाणारा सराव मार्ग. छत्रपती संभाजीनगर शहरातून पहाटे निघून न्याहारीपर्यंत परत येण्याजोगा असल्याने त्याला ही पसंती आहे. दौलताबादच्या तटबंदीतील दरवाजातून गेल्यावर खुलताबादकडे चढ लागतो. यालाच जुन्या प्रवासी-मार्गदर्शिकांत पिंपळ घाट म्हटले आहे. औरंगजेबाच्या एका दरबाऱ्याने तेथे फरसबंदी केल्याची नोंद वाटेवरील दोन स्तंभांवर असल्याचे त्या सांगतात. एकनाथांच्या तपाशी जोडले जाणारे सुलीभंजन खुलताबादहून थोड्या अंतरावर आहे. खुलताबादहून वेरूळकडे उतार, तर म्हैसमाळकडे सु. १२ किमी.चा चढता रस्ता जातो. म्हैसमाळची उंची सर्वत्र १,०६७ मी. दिली जाते. हा आकडा ३,५०० फुटांचे तंतोतंत रूपांतर आहे, त्यामुळे मुळात तो मोजणीपेक्षा गोळाबेरीज असण्याची शक्यता अधिक.

अजिंठा घाट जळगाव रस्त्यावर असून फर्दापूरकडे उतरतो. ऑगस्ट १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजा याच खिंडीने निजामाच्या मुलखात शिरल्या आणि पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. फुलंब्रीच्या वाटेवरील चौका घाट लहान आहे. घाट चढण्याचा पहिला अनुभव अनेकजण तेथेच घेतात.

बालाघाट : राष्ट्रीय महामार्ग ५२ शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई व बीडमार्गे मांजरसुंब्याला बालाघाट चढतो आणि चौसाळा, येरमाळा, येडशी, धाराशिवमार्गे तुळजापूरला पठाराच्या दक्षिण टोकाशी येतो. चाळीसगाव ते सोलापूर या एकाच रस्त्यावर मराठवाड्याच्या सगळ्या पायऱ्या लागतात. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे वळल्यास नायगाव मयूर अभयारण्याच्या बाजूने सौताड्याच्या धबधब्यापर्यंत जाता येते. या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत : पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून आला की सपाटीवरही घाटाचा गिअर टाकावा लागतो.

तेलगावहून किल्ले धारूरला चढणारा घाट जुन्या पद्धतीचा, अरुंद आणि आवळ वळणांचा आहे. ऊस गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येथे जेमतेम वळतात; त्या महिन्यांत उताराला तर तो टाळलेलाच बरा. अंबाजोगाईच्या बुट्टेनाथ परिसरातील चढ छोटे, पण खडे आहेत.

येडशीच्या रामलिंग घाटाला रेल्वेचाही इतिहास आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लोहमार्गाची गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली ती याच चढाने. २००७-०८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाल्यावर आखणी बदलून ती धाराशिवमार्गे गेली. सोलापूरकडून येणारा तुळजापूर घाट दक्षिणेकडून चढावा लागतो, म्हणून वर सांगितलेल्या उत्तराभिमुख नियमाला तो अपवाद. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून पायी येणाऱ्या भाविकांनी हा रस्ता भरून जातो. त्या दिवसांत येथे सायकल आणण्यात अर्थ नाही.

हंगाम व वापर : ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो आणि पठारावर सावली विरळ. रस्त्याकडेच्या बाभळींमुळे काट्याचे पंक्चर ही नित्याची बाब असून जादा ट्यूब बाळगण्याचा प्रघात आहे. ब्रेव्हे (बीआरएम) प्रकारात २००, ३००, ४०० व ६०० किमी.साठी अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ व ४० तासांची मुदत असते. ही स्पर्धा नसून वेळेत पूर्ण करण्याची स्वारी आहे. महामार्ग ५२ वर ढाबे व पेट्रोलपंप बऱ्यापैकी अंतराने मिळत असल्याने रात्रीच्या टप्प्यांसाठी तो आडमार्गांपेक्षा बरा.

नांदेड-हिंगोली : औंढा नागनाथच्या परिसरात थोडे डोंगर आहेत. किनवट-माहूर रस्ता सागाच्या जंगलातून जातो. माहूरला रेणुका, दत्त व अनसूया अशी तीन शिखरे असून दत्तशिखराकडे जाणारा चढ त्यांत विशेष उल्लेखनीय आहे.