बॅटरी बदलली की टेप कोड का मागतो? कंपनीच्या कार रेडिओची पार्श्वभूमी

बॅटरी बदलून गाडी घरी आणली, चावी फिरवली आणि टेपच्या पडद्यावर नुसतं ‘सेफ’ किंवा ‘कोड’ आलं, की बहुतेकांना सेट बिघडला असं वाटतं. सेट चांगला असतो. वीज पूर्ण तुटली म्हणजे आपल्याला डॅशबोर्डमधून उपटून नेलं, असं तो धरून चालतो. त्याला हे का शिकवलं गेलं, ते कळलं की जुना सेट काढून नवा बसवताना अडचणी कुठे येतात तेही कळतं.

सुरुवातीच्या कार रेडिओची चोरी हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत १९३० मध्ये मोटोरोला आला, युरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा एएस-५. तो खोका सुमारे दहा लिटर जागा खायचा आणि त्याची बटणं स्टीअरिंगच्या दांड्यावर असायची. (ब्लाउपुंक्टची मूळ कंपनी १९३३ मध्ये बॉशने घेतली. सातपूरच्या ज्या कारखान्याला नाशिककर अजून ‘मायको’ म्हणतात, तीच ही बॉश.) १९६८ मध्ये फिलिप्सने गाडीत कॅसेट आणली, १९८४ मध्ये पायोनिअरने सीडी. सेट लहान झाला, महाग झाला, आणि मग एकसारखाही झाला.

खरी मेख या एकसारखेपणात आहे. जर्मनीच्या डीआयएन ७५४९० मानकाने डॅशबोर्डमधल्या खाचेचं माप ठरवलं: १८२ बाय ५३ मिलिमीटर. पुढे तेच आयएसओ ७७३६ झालं. दुप्पट उंचीचा सेट म्हणजे टू-डिन (डिन म्हणजे हेच डीआयएन), दर्शनी भाग साधारण १८० बाय १००. या मापामुळे कुठल्याही कंपनीचा सेट कुठल्याही गाडीत बसू लागला. ग्राहकाला जी मोकळीक मिळाली तीच चोरालाही मिळाली. पत्र्याच्या बाहीत स्प्रिंगवर अडकलेला सेट यू आकाराच्या दोन सळ्यांनी क्षणात बाहेर यायचा आणि दुसऱ्या गाडीत तसाच चालायचा.

उपाय क्रमाने आले. आधी हँडल धरून अख्खा सेट काढून सोबत न्यायचा, मग फक्त पुढची पट्टी काढून खिशात ठेवायची. ब्लाउपुंक्टने चिप असलेलं कार्डही आणून पाहिलं. टिकला तो चार आकडी कोड. तो सेटमधल्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो, त्यामुळे वीज गेली तरी पुसला जात नाही. कोड चोराचा हात धरत नाही, चोरीचा माल विकायला अवघड करतो.

आपल्याकडे या सगळ्याची झळ उशिरा लागली. मारुती ८०० आली तेव्हा टेप बाहेरच्या दुकानातून बसवून घ्यायचा रिवाज होता. दुकानातल्या त्या सेटना बहुधा कोड नसायचा, पट्टी निघायची. कोडची ओळख झाली ती फोक्सवॅगन, स्कोडा, होंडा यांच्या कंपनीने बसवलेल्या सेटमुळे.

म्हणून बॅटरीचा पाना हातात घेण्याआधी कोडचं कार्ड शोधा: मॅन्युअलच्या पाकिटात, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा सेटच्या अंगावरच्या लेबलवर. सापडलं नाही तर सेटचा अनुक्रमांक, आरसी आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत वर्कशॉपला जा. होंडाच्या अनेक सेटमध्ये १ आणि ६ ही बटणं दाबून धरत सेट चालू केला की अनुक्रमांक पडद्यावर येतो. अंदाजाने आकडे दाबू नका. फोक्सवॅगनच्या जुन्या सेटमध्ये दोनदा चुकलं की सेट चालू ठेवून सुमारे तासभर थांबावं लागतं, होंडात दहा चुकांनंतर कुलूप पडतं.

नवा सेट बसवताना सर्वांत जास्त घोळ दोन वायरींचा होतो. सेटच्या मागे लागणाऱ्या आयएसओ कपलरच्या (ठरलेल्या पिनांचा वायरींचा जोड) पॉवरच्या भागात चौथी पिन कायम चालू १२ व्होल्टची (पिवळी) आणि सातवी चावीबरोबर येणाऱ्या करंटची (लाल). फोक्सवॅगनच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत या उलट आहेत. तशाच जोडल्या तर चावी काढली की स्टेशनं पुसली जातात, आणि कोडवाला सेट रोज कोड मागतो. पिवळी-लाल अदलाबदल केली की काम झालं, पण आधी व्होल्ट मोजणारा मीटर लावून खात्री करा. स्पीकरची वजा वायर बॉडीला कधीही अर्थ करू नका. आजच्या सेटमध्ये दोन्ही वायरींवर आउटपुट असतं, त्यामुळे आतली आवाज वाढवणारी चिप (आयसी) जळू शकते.

क्वाडलॉक नावाच्या नव्या धाटणीच्या कपलरच्या गाड्यांत बऱ्याचदा चावीची वायरच नसते. चावी चालू आहे हे सेटला कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या संदेशाच्या वायरींवरून, कळतं. बाहेरचा सेट लावायचा तर कॅन अडॅप्टर घ्या किंवा फ्यूज बॉक्समधून चावीचा करंट ओढा. कायमच्या करंटवर जोडला तर बॅटरी उतरते. छतावरच्या अँटेनातल्या अँपलाही (सिग्नल वाढवणाऱ्या भागालाही) त्याच केबलमधून १२ व्होल्ट लागतात. ते दिले नाहीत तर शहरात नीट लागणारं स्टेशन घाटात शिरताच खरखरतं.

वापरलेले परदेशी सेट स्वस्त मिळतात, पण आधी बँड (सेट पकडतो त्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा) बघा. जुने जपानी सेट ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर थांबतात, आकाशवाणी नाशिक १०१.४ वर आहे. बँड बदलणारा डबा बारा मेगाहर्ट्झ खाली आणत असेल तर ते ८९.४ वर लागेल. अमेरिकन सेट विषम दशांशांवर उड्या मारतो, म्हणजे १०१.३ नाहीतर १०१.५. त्यांची मिडियम वेव्हही दहा किलोहर्ट्झच्या टप्प्यांची, आपली नऊच्या.

आताच्या गाड्यांत कोडची जागा चासी नंबरने घेतली आहे. सेट कॅन बसवर गाडीची ओळख पडताळतो. जुळली तर मुकाट्याने चालतो, नाही तर कोड मागतो किंवा आवाजच बंद करतो, आणि काही मॉडेलमध्ये ते कुलूप कंपनीच्या सर्व्हरला जोडूनच निघतं. तेव्हा जुन्या बाजारातला सेट घेताना त्याच गाडीचं बिल आणि कोड मागा. आणि तुमचा स्वतःचा मूळ सेट काढला असेल तर तो भंगारात देऊ नका. गाडी विकताना परत बसवला की ओळख जुळवणारा सेट बहुधा कोड न मागताच सुरू होतो.