खुलासा: ‘आठवीपर्यंत परीक्षाच नाही’ हे कुणी सांगितलं?

शाळेच्या फाटकापाशी हे वाक्य दरवर्षी कानावर पडतं: ‘आता परीक्षाच नाहीत, ढकलतात वर!’ शिक्षण हक्क कायद्यात असं कुठेही नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला मनाई केली. बोर्डाच्या परीक्षेची सक्तीही काढली. मूल्यमापन मात्र सतत करायला सांगितलं. ‘नापास नाही’चं ‘परीक्षा नाही’ आपणच केलं.

महाराष्ट्रात त्याच वर्षी आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला प्रत्येक सत्रात आकारिकचा वाटा 70 टक्के, सत्रअखेरच्या संकलितचा 30. आकारिक म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, कृती, प्रकल्प, छोट्या चाचण्या. चिंचोके मांडून बेरीज करणारी मुलगी दहाचा गठ्ठा बांधते का, की प्रत्येक वेळी एकापासून मोजायला लागते? बाई हे पाहतात आणि ‘दशक करताना अडते’ असं नोंदवतात. पेपरात फक्त उत्तर चुकलेलं दिसलं असतं. (पट मोठा असला की या नोंदी शेवटच्या आठवड्यात उरकल्या जातात, हेही खरंच.)

शिवाय 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन, पुनर्परीक्षेची संधी देऊन, त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने 2023 मध्ये ती वापरायचं ठरवलं. त्यामुळे पाचवीच्या पालकांनी तरी ते फाटकावरचं वाक्य ऐकून निर्धास्त राहू नये.