जास्त प्रथिनांचा मका आणि चांगल्या प्रथिनांचा मका

"क्यूपीएम म्हणजे जास्त प्रोटीनचा मका." येवल्याच्या बाजारात, चांदवडच्या पोल्ट्री शेडवर, बियाण्याच्या दुकानात हेच ऐकून कान किटले. क्यूपीएम म्हणजे क्वालिटी प्रोटीन मेझ: जास्त नव्हे, चांगल्या प्रथिनांचा मका.

साधा मका तुम्हाला पाठ आहे: खत, लष्करी अळी, भाव. क्यूपीएमची लागवडही तशीच, दाणाही तसाच टणक नि चमकदार. नजरेनं ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पिवळेपणाचाही याच्याशी काही संबंध नाही.

दोन्हींत प्रथिनं सारखीच, शंभराला नऊ-दहा. फरक आहे तो ती कशाची बनली आहेत यात. मक्याच्या दाण्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन झेइन असतं आणि झेइनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाची एक वीट) जवळजवळ नसतंच. कोंबडीला अंगावर मांस धरायला सगळी अमिनो आम्लं ठरावीक प्रमाणात लागतात. लायसिन संपलं की बाकीची वाया जातात. म्हणून युरिया वाढवून प्रथिनाचा टक्का चढवला, तरी वाढतं ते बहुतेक झेइनच. अमेरिकेत इलिनॉयला 1896 पासून जास्त प्रथिनासाठी मका निवडत आले, तिथेही हाच अनुभव. क्यूपीएममधलं ओपेक-2 जनुक मात्र झेइनच घटवतं, आणि लायसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं साधारण दुप्पट होतात. हा गुण 1964 मध्ये जगापुढे आला तेव्हा दाणा मऊ, खडूसारखा होता, सोंडे लगेच लागायचे. तो टणक करण्यात सुरिंदर वासल आणि इव्हांजेलिना व्हिलेगास यांची कित्येक वर्षं गेली. त्यांना 2000 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

ओळखीच्या एका पोल्ट्रीवाल्यानं क्यूपीएम लॅबला पाठवला, प्रथिन साडेनऊ टक्के आलं, आणि तो म्हणाला, फसवलं. लॅबनं नायट्रोजन मोजून टक्का काढला होता; त्यात हा फरक दिसणारच कसा? ट्रिप्टोफॅन तपासायला सांगा.

हा फायदा कोंबडीला, डुकराला आणि भाकरी खाणाऱ्या माणसाला. गाईच्या पोटातले जिवाणू प्रथिन मोडून आपलं बनवतात, तेव्हा मुरघासासाठी या बियाण्यावर पैसे घालवू नका.

शिवाय ओपेक-2 अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे आई-बाप दोन्हींकडून आलं तरच गुण दिसतो. शेजारच्या साध्या मक्याचा पराग ज्या दाण्याला लागला, तो दाणा साधाच निपजतो. एचक्यूपीएम-1 हे क्यूपीएमचं संकरित वाण लावणार असाल तर आधी शेजाऱ्याशी बोला, पेरणी तीनेक आठवडे मागेपुढे करा आणि बांधाकडच्या ओळींची कणसं वेगळी काढा.