नाशिक जिल्ह्यातील मत्स्यशेती

नाशिक जिल्ह्यातील धरणांच्या जलाशयांत आणि शेततळ्यांत होणारे गोड्या पाण्यातील मत्स्यपालन. जिल्ह्याला समुद्र नाही. हा व्यवसाय साठवलेल्या पाण्यावर उभा आहे आणि त्या पाण्यावर पहिला हक्क मासे पाळणाऱ्याचा कधीच नसतो. त्याचे अर्थकारण आणि त्यावरचे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात.

कटला, रोहू, मृगळ हे मुख्य मासे; सोबत सायप्रिनस, गवत्या, तिलापिया आणि पंगस. पहिले तिन्ही मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले. बंद तळ्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) विकत आणून सोडावी लागते. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजनन (माशाला संप्रेरकाची सुई देऊन अंडी घालायला लावणे) यशस्वी केल्यावर असे मत्स्यबीज केंद्रांत तयार होऊ लागले.

राज्यात २०१६ मध्ये शेततळ्याला अनुदान देणारी ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर भागांत शेततळी खोदली जातात ती द्राक्ष, डाळिंब, कांदा जगवण्यासाठी. मासे हे जोडउत्पन्न. प्लास्टिकच्या अस्तरामुळे पाणी टिकते, पण मातीशी संबंध तुटल्याने शेवाळ आणि प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), म्हणजे माशांचे नैसर्गिक खाद्य, कमी तयार होतात. त्यामुळे खाद्य विकत घ्यावे लागते आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा तेच खाते. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली निफाडच्या कडाक्याच्या थंडीत फारशी वाढत नाही. तिची खरी वाढ मार्चनंतर होते, नेमकी तेव्हाच द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी येते, बागेला पाणी लागते आणि तळ्याची पातळी उतरते. मग मासा पुरेसा भरण्याआधीच काढून, मिळेल त्या भावाने विकावा लागतो. बागेवर फवारलेल्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले मोरचूदही माशांना घातक असते, हे अनुदानाच्या हिशेबात फारसे कोणी धरत नाही.

गंगापूर, दारणा, गिरणा, चणकापूर अशा धरणांत प्रश्न वेगळा आहे. पाणी जलसंपदा विभागाचे, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा. ठेक्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते, तरी ‘संस्था कागदावर, पैसा व्यापाऱ्याचा’ ही तक्रार जुनीच आहे. ती खरी ठरते तिथे जाळे ओढणारा भोई किंवा आदिवासी मजूरच राहतो. टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते, त्यावर २०१४ च्या समन्यायी पाणीवाटपाच्या आदेशाच्याही आधीपासून नाशिक आणि मराठवाडा यांच्यात वाद आहे. त्या वादात शेतकरी, कारखाने, शहरे सगळे बोलतात. जलाशय आटल्याने ज्याचे बीज वाया जाते, त्याची बाजू क्वचितच मांडली जाते.

पर्यावरणाचा आक्षेप गंभीर आहे. देवळालीजवळ दारणेत सापडणारा, १९३८ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेला ‘देवळाली मिनो’ हा छोटा मासा आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. अशा नद्यांच्या जलाशयांत तिलापिया निसटला की तो झपाट्याने वाढतो आणि स्थानिक माशांच्या जागेवर व खाद्यावर हक्क सांगतो. हाच धोका पाहून केंद्राने २००० मध्ये थाई मागूर या परदेशी मांसाहारी माशावर बंदी घातली. २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झालेल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात मासेमारीवरचे निर्बंध आणि काठच्या कुटुंबांची उपजीविका यांचा मेळ अजून बसायचा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज आणि विजेच्या दरात शेतकऱ्याइतकी सवलत मिळण्याचा मार्ग त्याने खुला झाला. धरणात किमान किती पाणी राखायचे, हे मात्र अजूनही सिंचन आणि पिण्याच्या गरजेवरच ठरते.