जेंटामायसिन : शिरेतून आणि बाहेरून

जेंटामायसिन हे अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविक. मायक्रोमोनोस्पोरा या जिवाणूपासून ते मिळते. 1963 मध्ये ते प्रथम नोंदले गेले. आतड्यातून ते जवळजवळ शोषले जात नाही, म्हणून ते टोचावे किंवा बाहेरून लावावे लागते.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल तर ते सहसा शिरेतून देतात. मूत्रपिंडे ठीक असलेल्या प्रौढाला साधारणपणे दिवसातून एकदा, किलोमागे 5 ते 7 मिग्रॅ. 60 किलोच्या रुग्णाला 5 मिग्रॅच्या हिशोबाने 300 मिग्रॅ, म्हणजे 80 मिग्रॅच्या पावणेचार कुप्या. त्या 100 मिली सलाइनमध्ये मिसळून 30 ते 60 मिनिटांत सोडतात. मात्रा एकदम देतात, कारण रक्तातली पातळी जितकी उंच तितके जंतू जास्त मरतात. पुढे पातळी उतरली तरी त्यांची वाढ काही तास खुंटलेली राहते. ॲम्पिसिलिनसारखे औषध त्याच बाटलीत मिसळू नये, त्याने जेंटामायसिन निकामी होते. खरा धोका साठण्याचा. मूत्रपिंडाच्या नलिकांत आणि आतल्या कानात ते साचते. मूत्रपिंड बहुधा सावरते, कान मात्र कायमचा जाऊ शकतो. म्हणून रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासत राहावे. पुढच्या मात्रेआधी रक्तातली पातळी लिटरला 1 मिग्रॅच्या खाली हवी. चक्कर, तोल जाणे, कानात आवाज यांपैकी काहीही जाणवले तर लगेच सांगावे.

डोळ्यांच्या थेंबांत औषध 0.3 टक्के असते. एका थेंबात जेमतेम 0.15 मिग्रॅ. तरीही बुबुळावरच्या जखमेत थेंबच उपयोगी, कारण बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसल्याने शिरेतले औषध तिथे पुरेसे पोचत नाही. जखम गंभीर असेल तर 5 मिली थेंबांच्या बाटलीत 2 मिली इंजेक्शन (80 मिग्रॅची एक कुपी) निर्जंतुकपणे मिसळून मिलिलिटरला सुमारे 14 मिग्रॅचे तीव्र थेंब बनवतात आणि सुरुवातीला दर तासाला घालतात. हे काम नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावे.

त्वचेसाठी 0.1 टक्के मलम, दिवसातून तीन-चार वेळा, पातळ थर. आधी पू आणि खपली काढावी, कारण पुवात औषध बांधले जाते आणि तिथल्या आम्लतेने त्याचा जोर घटतो. मोठ्या भाजलेल्या भागावर मात्र मलमातूनही ते रक्तात उतरते. कानाचा पडदा फाटला असेल तर कानात जेंटामायसिनचे थेंब टाळावेत.

आपल्याकडे गजकर्णावर स्टेरॉइड व जेंटामायसिन असलेले मिश्र मलम सर्रास लावले जाते. बुरशीवर जेंटामायसिनचा काहीच परिणाम होत नाही. स्टेरॉइडने खाज थांबते आणि चट्टा आतून पसरत राहतो.