ग्रहांचा परिवलनकाळ आणि कालमापन

ग्रहाला स्वतःभोवती एक फेरी मारायला जितका वेळ लागतो तो त्याचा परिवलनकाळ. पृथ्वीचा, ताऱ्यांकडे बघून मोजला तर, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद, याला नाक्षत्र दिवस म्हणतात. पण तेवढ्यात पृथ्वी कक्षेतही थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य परत मध्यावर यायला सरासरी २४ तास लागतात आणि आपलं घड्याळ, जुन्या ६० घटिका, सगळं या सौर दिवसावर चालतं. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० फेऱ्या धरल्या, त्यातून नाक्षत्र दिवस आजच्या आकड्याच्या अगदी जवळ येतो, हे खरंच थक्क करणारं आहे. पृथ्वी फिरते हे मात्र त्याच्यानंतरच्या ब्रह्मगुप्त या गणितज्ञाला मान्य नव्हतं.

ठाण्यात टेरेसवर काठी उभी करून बघा, सावली सगळ्यात लहान १२ ला नाही तर सरासरी १२:३८ ला होते, कारण भारतीय वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि ठाणं ७३ च्या आसपास, अंशाला ४ मिनिटं. वाशी-नेरूळलाही तेच. शिवाय कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच वेळ १२:२२ आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५२ च्या आसपास जाते.

बुधाचा परिवलनकाळ आधी ८८ दिवस मानायचे, १९६५ च्या रडार मोजणीने तो साधारण ५९ निघाला. शुक्र उलटा फिरतो, एका फेरीला २४३ दिवस, पण तिथला सौर दिवस फक्त ११७ दिवसांचा. मंगळाचा सौर दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद. गुरू १० तासांच्या आत.

खरा वाद शनीचा. खूण धरायला घट्ट पृष्ठभागच नाही, म्हणून रेडिओ सिग्नलवरून मोजलं, व्हॉयेजर यानाला १० तास ३९ मिनिटं मिळाली, नंतरच्या कॅसिनी यानाला जवळपास १० तास ४६ मिनिटं, आता एवढा मोठा ग्रह पंचवीसेक वर्षांत ६-७ मिनिटांनी स्लो होणं शक्यच नाही. पुढे तर उत्तर आणि दक्षिण गोलार्धाचे सिग्नलही वेगवेगळे निघाले. चुंबकीय अक्ष आणि फिरण्याचा आस जवळजवळ एकच असल्याने चुंबकीय क्षेत्रातूनही फिरण्याचा ठोका सापडत नाही. २०१९ मध्ये कड्यांतल्या लाटांवरून १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंद असा आकडा आला, लाटा ग्रहाच्या आतल्या कंपनांमुळे उठतात म्हणून तोच जास्त भरवशाचा वाटतो.

युरेनस १७ तास १४ मिनिटं, २०२५ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्यात २८ सेकंदांची भर पडली. नेपच्यून सुमारे १६ तास, १९८९ च्या व्हॉयेजर २ च्या मोजणीवरून.